कोरम

विद्यापीठाच्या थांब्यावर पारोळ्याची गाडी मला सोडते.
खाली गिरणेचं पात्र, वाळूपेक्षा खड्डे जास्त,
आणि चढावर एक कडुनिंब. त्याची सावली
एप्रिलात जेमतेम दोघांना पुरते:
मला, आणि अक्राणीहून आलेल्या नूरसिंगला.
पुस्तकाची प्रत ग्रंथालयात एकच आहे.
तो आधी वाचतो, मग मी, मग झेरॉक्सवाला.

पेपर दुसरा, घटक तीन, सामाजिक करार.
वारके मॅडम पंख्याच्या आवाजावर आवाज चढवून सांगतात:
आधी माणसं सुटी होती, भ्यालेली होती,
मग ती एकत्र जमली
आणि राज्य करायचं ठरलं.

"कुठे जमली?" नूरसिंग विचारतो.

मॅडम खडू ठेवतात.
"कुठेच नाही. ती सभा कधी भरलीच नाही.
भरली होती असं धरून चालायचं."

वर्ग उतरवून घेतो : धरून चालायचं.

मी पेन मिटते.
न भरलेली सभा
मी पाहिलेली आहे.

तिचं रजिस्टर आमच्या फडताळात असायचं,
बाजरीच्या डब्यामागे, लाल कापडी पुठ्ठ्याचं.
आप्पा ग्रामपंचायतीत शिपाई.
ग्रामसेवक भाऊसाहेब धुळ्याहून यायचे, दुपारच्या गाडीने परत जायचे,
तेवढ्यात ठराव लिहून व्हायचे :
सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.
कोरम नसला तर सभा तहकूब करता येते,
पण तहकूब हा शब्द भाऊसाहेबांना आवडत नसे.
खाली शंभर रकाने मोकळे.

दिवेलागणीला माणसं शिवारातून परतली
की आप्पा निघायचे, गल्ली पहिली, गल्ली दुसरी,
आणि मागे मी, आठ वर्षांची,
शाईचं पॅड दोन्ही हातांत धरून,
जसं काही त्यात पाणी आहे.

उखा मिस्तरी सही करायचा, जीभ दातांत धरून, आडनावापर्यंत.
कोकिळाबाईच्या हाताला पीठ असायचं,
तिचा अंगठा मधूनमधून पांढरा उमटे.
धुडकूआबा विचारायचा, "मी व्हतू का रे सभामा?"
"व्हता ना, आबा."
"मंग ठीक."

फक्त झेलामाय म्हणाली, "आधी वाची दाखाड."

आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं.
मग उंबऱ्याशी उभं राहून वाचलं, दाराच्या बल्बखाली,
अकराच्या अकरा ठराव, अडखळत.
मध्ये एकदा बल्ब गेला, आला.
शेळी माझ्या पॅडला हुंगत होती.
झेलामाय बाजेवर बसून ऐकत होती,
एकेका ठरावाला बोट मिटत.

"सातवा माले मान्य नही."

"तसं लिखाले येमा जागा नही, माय."

"मंग अंगठाले बी नही."

आणि तिने हात पदराखाली घेतला.

आज वाटतं, त्या वर्षी आमच्या गावात
ग्रामसभा झाली ती तेवढीच.
दहा मिनिटं. एक बाज, एक शेळी,
हजर : अडीच माणसं.

घरी आल्यावर आप्पांनी रकाने मोजले.
पुन्हा मोजले. एक कमी होता.
माझ्याकडे न बघता म्हणाले,
"तुन्हा दे."
मी दिला. मजा वाटली.
नखापाशी शाई दोन दिवस राहिली,
शाळेत सगळ्यांना दाखवली.

"मूक संमती," मॅडम सांगत असतात,
"म्हणजे तुम्ही नुसते रस्त्यावरून चाललात,
तरी तुमचा होकार धरला जातो."
पंधरा गुणांना येतो हा प्रश्न, दर एक वर्षाआड.
नूरसिंग काहीतरी खोडतो, पुन्हा लिहितो.

मी टेबलाखाली अंगठा चोळते.
झेलामायच्या नावापुढे तो अजून आहे,
बारकासा, जरा तिरका,
कुणी नीट पाहिलं तर कळेल पोराचा आहे ते.

सातवा ठराव कशाचा होता,
कितीही आठवलं तरी आठवत नाही.